फोंताइन्हासमध्ये लॉफ्ट घेताना: आधी कौलं बघा, मग बाकीचं

पणजीच्या जुन्या वस्तीत, म्हणजे फोंताइन्हास, सां तोमे आणि त्यांना लागून असलेल्या ‘मळा’ या भागात, ‘लक्झरी लॉफ्ट’ या नावाने जागा भाड्याने किंवा विकायला निघते तेव्हा ती बहुधा जुन्या दुमजली घराची माडी असते. मधली पार्टिशनं काढलेली, छताचं लाकूड उघडं ठेवलेलं, रस्त्याच्या बाजूला लोखंडी कठड्याची गॅलरी, आत ओपन किचन आणि वर पोटमाळ्यावर झोपायची जागा. फोटोत देखणी दिसते आणि खरोखरच देखणी असते. पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून पणजीत राहायला येणारा माणूस ती बघतो आणि टोकनची रक्कम काढायला खिशात हात घालतो. तो हात जरा थांबवावा, एवढ्यासाठी हा लेख.

फ्लॅटच्या सवयीने आपण खोल्या, किचन, बाथरूम असं बघत जातो. इथे वरचा मजला घेणं म्हणजे छप्पर अंगावर घेणं. पाऊस, ऊन, वाळवी, वारसांची भांडणं, महापालिकेची परवानगी, यातलं काहीही उपटलं की गाडी शेवटी कौलांपाशीच येते. ती कौलं कोणत्या स्थितीत आहेत, कोणाची आहेत आणि परतायची, म्हणजे उतरवून पुन्हा लावायची, कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचा निर्णय तुलनेने सोपा आहे. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी वस्ती चाला, तीही गैरसोयीच्या वेळी

फोंताइन्हास आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम जुन्या गोव्याहून पणजीला हलवला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि या काळात अधिकारी, व्यापारी मंडळींची घरं इथे उभी राहत गेली. रचना त्या काळाला साजेशी. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून, दोन घरांमध्ये बऱ्याचदा एकच सामाईक भिंत. गाडी ठेवायचा प्रश्न तेव्हा नव्हता, आता तोच मोठा आहे.

दलालाच्या तोंडी सगळंच ‘फोंताइन्हास’ असतं, पण जागेजागेत फरक आहे. ३१ जानेवारी रस्ता आणि १८१८ सालच्या सेंट सेबास्तियन कपेलच्या (छोट्या चर्चच्या) आसपासच्या गल्ल्या सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात जास्त फोटो काढले जाणाऱ्याही त्याच. सकाळी नऊपासून रंगीत भिंतींसमोर लोक उभे राहायला लागतात. लग्नाआधीचे फोटोशूट तर वेगळंच प्रकरण. रहिवाशांनी दारांवर ‘फोटो काढू नका’ असे फलक लावले आहेत ते उगाच नाही. दात घासत गॅलरीत यायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, नाहीतर तुम्ही परगावच्या कुणाच्या तरी अल्बमात कायमचे राहाल.

खाडीकाठच्या रुआ द ओरेंवर वारा चांगला आणि समोर मोकळं. पण पाटो पुलाकडची वाहतूक याच बाजूला, संध्याकाळी हॉर्न थांबत नाहीत. कदंब बसस्थानक मात्र चालत जाण्याच्या अंतरावर, आणि खाडीपलीकडे पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था. तिथे मराठी पुस्तकांसाठी वेगळं काही शोधत बसावं लागत नाही. आल्तिनोच्या उताराकडच्या घरांत शांतता मिळते, पण काही ठिकाणी दारापर्यंत पायऱ्याच आहेत. शिवाय मागची भिंत टेकडीच्या मातीला टेकलेली असेल तर ती पावसाळ्यात पाझरते.

माझा कल विचाराल तर मळ्याकडे. फोंत फिनिक्सचा झरा, वर मारुतीचं देऊळ, त्याची जत्रा, शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं. कानावर कोंकणी आणि मराठी दोन्ही पडतात. ‘लक्झरी’ शब्दाला शोभणाऱ्या जागा तिथे कमी, पण घर म्हणून राहायचं असेल तर कॅमेऱ्यांचा त्रासही कमी. एक मोठी अडचण आहे, ती पाण्याची. जोराचा पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण एकत्र आलं की टेकडीवरून उतरलेलं पाणी खाडीत जायला जागा उरत नाही आणि मळ्याच्या सखल भागात ते रस्त्यावर थांबतं. तुम्ही माडीवर असाल, पण तुमचा जिना, विजेचा मीटर, पंप आणि स्कूटर खालीच आहेत.

म्हणून जागा एकदा आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी बघा, एकदा शनिवारी संध्याकाळी, आणि जमलं तर जुलैतल्या धो-धो पावसात. जुलै साधता आला नाही तर तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत पाण्याची रेघ आहे का ते बघा. नव्या रंगाखाली ती झाकलेली असू शकते. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. पाणी कुठवर येतं ते तो हाताने दाखवतो.

२. टेप बरोबर ठेवा

गोव्यात जागा चौरस मीटरमध्ये मोजतात. चौरस फुटांत विचार करणाऱ्याने १०.७६ ने गुणायचं, म्हणजे ८० चौरस मीटरचे साधारण ८६० चौरस फूट होतात. आकडा भरघोस वाटतो. पण उतरत्या छपराखाली सगळी फरशी वापरात येत नाही.

समजा माडी १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आहे, आढं लांबीच्या दिशेने आहे, बाजूच्या भिंती १.२ मीटर उंच आहेत आणि छपराचा उतार ३० अंशांचा आहे. अशा छपरात भिंतीपासून मीटरभर आत आल्यावर डोक्यावर पावणेदोन मीटरच्या थोडी वर उंची मिळते. म्हणजे दोन्ही बाजूंचा एकेक मीटरचा पट्टा ताठ उभं राहायला निरुपयोगी: ८० पैकी २० चौरस मीटर गेले. तिथे कपाटं, पुस्तकं, बसायची बाकं छान बसतात, पण भाडं किंवा किंमत ठरवताना तो पट्टा पूर्ण भावाने मोजू नका. पोटमाळ्यावरची ‘मास्टर बेडरूम’ दाखवतील तेव्हा गादीवर आडवं होऊन उठून बसा. डोकं वाशाला लागतं का ते तेव्हाच कळेल.

३. कौलं

इथे वेळ घालवा. निम्मी भेट इथेच खर्च झाली तरी चालेल.

आधी बाहेर जा. समोरच्या फुटपाथवरून आढ्याची रेघ बघा. ती सरळ असायला हवी. मध्ये झोल पडला असेल तर खालचं लाकूड कुठेतरी खचलं आहे, आणि तो खर्च कौलं बदलण्यापलीकडचा आहे. मंगळुरी कौल सव्वादोन-अडीच किलोच्या घरात असतं आणि चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर साडेतीन टनांच्या आसपास वजन झालं, तेही कोरडं असताना. लॉफ्ट सजवताना कुणी तुळईला जड झुंबर टांगलं असेल, वाशांवर एसीचे पाइप आणि पाण्याची टाकी चढवली असेल, तर तो भार त्यात धरा.

मग आत या. दुपारी बाराच्या सुमाराला सगळे दिवे बंद करायला सांगा आणि वर बघा. छपरात टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथून पाणी येणार. वाशांवर आणि रिपांवर वरून खाली उतरलेले काळसर ओघळ म्हणजे पाणी येऊन गेलं आहे. ओघळ जुना की नवा हे बोट लावून कळत नाही, पण त्यावर ताजं पॉलिश चढवलेलं असेल तर का चढवलं ते विचारायला हरकत नाही.

कौलं एकाच साच्याची आहेत का, हे बघायला कोणी सांगत नाही. जुन्या कौलांच्या पोटाशी कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. नंतर त्या किनाऱ्यावर इतर अनेक कारखाने आले. प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. फुटलेल्या कौलांच्या जागी मिळेल ते कौल बसवत गेलं की खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस आत घुसतो. थोडीफार सरमिसळ प्रत्येक जुन्या घरात सापडेल. निम्मं छप्पर ठिगळांचं असेल तर सावध व्हा.

खेटून असलेल्या घरांत सगळ्यात दगाबाज जागा असते ती दोन छपरांच्या मधली पन्हळ. शेजारच्या छपराचं पाणीही तीत येतं, वरून पानं साचतात, ती तुंबली की पाणी सामाईक भिंतीत उतरतं. ही पन्हळ कोण साफ करतं, तिच्यापर्यंत पोहोचायला वाट तुमच्या बाजूने आहे की शेजाऱ्याच्या, हे विचारा. शेजाऱ्याचं घर कुलूपबंद असेल आणि किल्ली लिस्बनला असेल तर तुमचा प्रत्येक पावसाळा त्या किल्लीवर अवलंबून राहील.

छताखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर एक पट्टी उघडून दाखवायला सांगा. नकार आला तर तेच उत्तर समजा. हल्ली कौलांखाली पत्रा टाकायची पद्धतही आहे. गळती थांबते, पण घट्ट बसवलेला नसेल तर पावसाच्या सरीत फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. घरून काम करणाऱ्यांनी याचा विचार करावा. उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल मात्र फार गुणी. एखाद-दुसरं असेल तर दिवसा दिवा लागत नाही. डझनभर असतील तर एप्रिलमध्ये घराची भट्टी होईल.

छप्पर शाकारायचा, म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत लावायचा मोसम एप्रिल-मे. पणजीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे उजाडल्यावर कौलवाला शोधायला निघालात तर तो मिळत नाही. घरमालकाला नेहमीचा माणूस कोण, शेवटचं शाकारणं कधी झालं, असं थेट विचारा. नाव आणि वर्ष चटकन सांगितलं तर छपराकडे लक्ष आहे असं धरायला हरकत नाही.

४. भिंती आणि लाकूड

जुन्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा. चिरा ओल पितो आणि सोडतो. चुना त्याला ते करू देतो. नूतनीकरणात त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, पांढरी क्षारांची बुरी धरते. भिंत हाताच्या उलट्या बाजूने चाचपून बघा, विशेषतः खिडक्यांच्या खाली. फोंताइन्हासच्या पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती मुळात चुन्याच्या रंगाच्या आहेत आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी हात मारायचा असतो, हे बजेटमध्ये धरा.

लाकडासाठी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पुरते. तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला ठोका. आवाज पोकळ आला किंवा खाली भुसा दिसला तर वाळवी किंवा भुंगा आहे. फळ्यांच्या जमिनीवर मधोमध टाच आपटून बघा. खालच्या मजल्यावर कोण आहे तेही लगेच विचारा, कारण फळ्यांतून आवाज दोन्ही बाजूंनी जातो. खाली तावेर्न (छोटा बार) किंवा रेस्टॉरंट असेल तर रात्रीची झोप आणि तळणाचा वास, दोन्हींचा हिशेब घाला. लाकडी जमिनीवर गॅसचा सिलिंडर कुठे ठेवणार आणि आग लागली तर दुसरी वाट कोणती, हे प्रश्न अशा घरांत शोभेचे नाहीत.

शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या जिथे शिल्लक आहेत तिथे त्यांना हात लावू नका. तो मऊ उजेड काचेतून येत नाही आणि तुटलेला शिंपला बदलून देणारा कारागीर सहज सापडत नाही.

५. ऊन, वीज, पाणी

दुपारी अडीच वाजता एसी बंद ठेवून पंधरा मिनिटं बसा. मार्च ते मे कौलांखाली काय होतं ते कळेल. उघडं छत आढ्यापर्यंत गेलेलं असतं तेव्हा एसीला तेवढी सगळी हवा थंड करावी लागते आणि गार हवा कौलांच्या फटींतून निसटतेही. शहाणा घरमालक झोपायच्या खोलीवर लाकडी तक्तपोशी करून फक्त तिथे एसी लावतो आणि दिवाणखाना समोरासमोरच्या खिडक्यांवर सोडतो. संपूर्ण लॉफ्टला एसी असल्याची जाहिरात करणाऱ्याकडे मागच्या मे महिन्याचं बिल मागा.

बिलावर मंजूर भार किती किलोवॉट आहे ते लिहिलेलं असतं. दीड टनाचे तीन एसी साडेचार किलोवॉटच्या आसपास, गीझर दोन, इंडक्शन शेगडी दोन, म्हणजे साडेआठ झाले. जुन्या सिंगल फेज जोडणीवर हे एकदम चालणार नाही. भार वाढवायचा अर्ज सरकारच्या विद्युत खात्याकडे मालकाच्या नावाने जातो. इथे एक गंमत होते. जोडणी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि वारस पाच ठिकाणी. साध्या थ्री फेजसाठी वारसांचा गुंता सुटायची वाट बघावी लागते.

पणजीचं पाणी फोंड्याजवळच्या ओपा प्रकल्पातून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा पणजीसह तिसवाडी तालुक्यात कित्येक दिवस नळ कोरडे होते. चार माणसांच्या घराला किमान हजार लिटरची साठवण हवी, आणि टाकी छपराच्या लाकडावर नको, मागच्या स्लॅबवर हवी. सांडपाणी शहराच्या मलनिस्सारण वाहिनीला जोडलेलं आहे की अजून सेप्टिक टाकी आहे, तेही विचारून ठेवा. खाडीजवळ सेप्टिक टाकी भरतीच्या दिवसांत आपलं अस्तित्व जाणवून देते.

६. भाड्याने घेणार असाल तर

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं सक्तीचं आहे. तो कायदा गोव्याला लागू नाही. इथे भाड्यासाठी १९६८ चा वेगळा कायदा आहे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचे करार सर्रास होतात. नोंदवलेला नाही म्हणून करार हलका समजू नका. वाद झाला की हातात तोच कागद असतो.

करारात छपराचं कलम वेगळं घाला. साध्या मराठीत असं लिहिलं तरी चालेल, वकील त्याला घाट देईल: “छप्पर, कौले, लाकूडकाम व पन्हळी यांची देखभाल मालकाकडे राहील. दरवर्षी ३१ मेपूर्वी कौले परतून व पन्हळी साफ करून देणे मालकास बंधनकारक आहे. गळती लेखी कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती करून घेईल व खर्च भाड्यातून वळता करेल.” ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची’ हे वाक्य प्रत्येक छापील मसुद्यात असतं. कौल फुटणं किरकोळात येतं का, हे आधीच ठरवून घ्या.

सही करणारा खरोखर मालक आहे का, हे बघायला घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल मागा. नावं वेगळी असतील तर मुखत्यारपत्र दाखवायला सांगा. भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरून पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. ती जबाबदारी मालकाची असली तरी त्याची पोच तुमच्याकडेही ठेवा.

आपण नसताना जागा पर्यटकांना द्यायचा विचार असेल तर मालकाची लेखी संमती लागेलच, वर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. माझ्या मते या गल्ल्यांत आणखी एक पाहुण्यांचं घर नको आहे, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

७. विकत घेणार असाल तर

इथे गोव्याचा वेगळेपणा पुरता कळतो. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली कुटुंबविषयक आणि वारसाहक्काची पद्धत गोव्यात चालू आहे. आताचा वारसाहक्काचा कायदा २०१२ चा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर साधारणपणे नवरा-बायको दोघंही मालमत्तेत निम्म्याचे धनी. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर दिसत असलं तरी विक्रीला बायकोची सही लागते, आणि उलटही. मुलांचा वाटा मृत्युपत्राने मनमानी उडवता येत नाही. तीन पिढ्यांचं घर असेल तर प्रत्येक भाऊ, बहीण आणि त्यांचे जोडीदार धरून सह्यांची यादी वीसवर सहज जाते. या सगळ्यांचे हक्क इन्व्हेंटरीच्या कारवाईत (वारसांत मालमत्ता वाटून देणाऱ्या न्यायालयीन प्रक्रियेत) किंवा वारस ठरवणाऱ्या नोटरी दस्तात नक्की झालेले असायला हवेत. ‘भावांमध्ये तोंडी ठरलंय’ याला अर्थ नाही. आणि एकाच भावाने ‘आपला’ वरचा मजला विकायला काढला असेल तर छप्पर कोणाच्या वाटणीत आलं, हा पहिला प्रश्न. बऱ्याचदा कोणाच्याच आलेलं नसतं.

कागदही वेगळे. सातबाराची सवय सोडा. गावात त्याच्या जवळ जाणारा फॉर्म १ व १४ असतो, पणजी शहरात मात्र चलता क्रमांक आणि पीटी शीट क्रमांक, म्हणजे शहर भूमापनातला जागेचा आणि नकाशाच्या पानाचा क्रमांक, असतो; त्याचे उतारे सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळतात. शिवाय पोर्तुगीज काळातली नोंद: डिस्क्रिप्शनमध्ये मालमत्तेचं वर्णन, इन्स्क्रिप्शनमध्ये मालकाची नोंद आणि महसुलासाठीचा मात्रिझ क्रमांक. ही पानं पोर्तुगीजमध्ये असतात, त्यांचं प्रमाणित भाषांतर करून घ्या आणि त्यातल्या चतुःसीमा आजच्या नकाशाशी जुळवून बघा. त्यानंतर सब-रजिस्ट्रारकडून किमान तीस वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला.

वरचा मजलाच घेत असाल तर त्याला महापालिकेचा वेगळा घर क्रमांक आणि वेगळी घरपट्टी आहे का, जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो का, जिना कोणाचा, हे दस्तात शब्दांनी यायला हवं. खालच्या मजल्यावर १९६८ च्या कायद्याचं संरक्षण असलेला जुना भाडेकरू असेल तर तो हलणार नाही असं गृहीत धरूनच व्यवहार करा.

विकणारा परदेशात राहत असेल तर मुखत्यारपत्र तिथे रीतसर प्रमाणित झालेलं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित केलेलं असावं लागतं. टीडीएसही अशा विक्रेत्याकडून एक टक्का नव्हे, बराच जास्त कापावा लागतो, आणि तो भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. टोकन देण्याआधीच हे तुमच्या सीएला विचारा. वकील मात्र स्थानिकच हवा, आणि घरमालकाच्या वकिलापेक्षा वेगळा.

८. बदल करायचे असतील तर

फोंताइन्हास संवर्धन क्षेत्रात येतं. २०१० च्या बांधकाम नियमावलीत अशा भागांसाठी वेगळे निर्बंध आहेत आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांचा विषय संवर्धन समितीपर्यंत जातो. छपराचा उतार बदलणं, कौलं काढून पत्रा किंवा स्लॅब टाकणं, छपरात डॉर्मर, म्हणजे उतारातून बाहेर आलेली खिडकी काढणं, दर्शनी गॅलरी काचेने बंद करणं, यातलं काहीही परवानगीशिवाय करू नका. एसीचं बाहेरचं युनिट रस्त्याच्या तोंडावर लावू नका. मागच्या आवारात जागा शोधा.

तुम्ही बघताय त्या लॉफ्टचा पोटमाळाच परवानगीशिवाय घातलेला असू शकतो. मंजूर आराखडा मागा आणि त्यात तो आहे का बघा. अर्ज मराठीत द्यायला अडचण नाही, १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीबरोबर मराठीलाही शासकीय वापरात जागा दिली आहे. आराखडे मात्र परवानाधारक वास्तुविशारदाच्या सहीने जातात, आणि त्याने चुन्याचं काम केलेलं असावं.

९. सामान आणि पहिले काही आठवडे

जिन्याची रुंदी मोजून मगच फ्रिज आणि सोफा ठरवा. वळणाच्या लाकडी जिन्यावरून दोन दारांचा फ्रिज जात नाही. गॅलरीतून दोराने चढवायचा तर सकाळी लवकर, पर्यटक यायच्या आत. ट्रक गल्लीत शिरत नाही, छोटा टेम्पो आणा. गाडीसाठी पाटोकडे किंवा आल्तिनोवर कायमची सोय आधी बघा. रोज रात्री जागा शोधत फिरणं आठवडाभरात नकोसं होतं. कार्निव्हलच्या किंवा शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी सामान हलवू नका.

कचरा महापालिका वेगळा करूनच घेते. कोणत्या दिवशी काय, हे शेजारच्यांना विचारा. तेवढ्या निमित्ताने ओळख होते. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी कुठल्या वेळी भोंपू वाजवत जातो तेही कळेल. माडीवरून टोपली खाली सोडायची पद्धत अजून टिकून आहे तिथे ती उचला. कपाटांच्या मागे चार बोटं जागा सोडा, पुस्तकं बाहेरच्या भिंतीला लावू नका, चामड्याचे बूट-पट्टे जूनच्या आधी हवाबंद डब्यात टाका. खाडीजवळ डास भरपूर, खिडक्यांना जाळ्या लावायची परवानगी मालकाकडून लेखी घ्या, कारण जुन्या चौकटीला खिळा ठोकला म्हणून अनामत कापणारे मालक आहेत.

पहिला मोठा पाऊस पडेल त्या रात्री घरी राहा. फोन घेऊन प्रत्येक खोलीचं छत, सामाईक भिंत आणि पन्हळीखालचा कोपरा यांचे तारखेसकट फोटो काढा आणि जिथे थेंब पडला तिथे फरशीवर खडूने खूण करा. सकाळी ते सगळं मालकाला लेखी पाठवा; करारातले सात दिवस तेव्हापासून मोजायचे.